क्रोशाची सुई : यंत्राला न जमलेले काम आणि त्याची मजुरी

रमजानच्या शेवटच्या आठवड्यात पेठ वडगावच्या बाजारपेठेत टोपी, अत्तर, सुरमा आणि तसबीहचे गाडे लागतात. अशा एखाद्या गाड्यापुढे उभे राहून टोप्या नीट पाहाव्यात. ढिगात दोन जातींची जाळीदार टोपी असते. एक वीस-तीस रुपयांची, पांढरीशुभ्र, हलकी, बोटांत धरली तर रबरासारखी ताणणारी. दुसरी कोपऱ्यात प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेली, जराशी जड आणि किमतीने पहिलीच्या कितीतरी पट. गिऱ्हाईक दोन्ही डोक्यावर घालून पाहते, आरशात बघते आणि विचारते, "दोन्ही जाळीच्याच ना? मग एवढा फरक कसला?" बहुतेक वेळा दुकानदारालाही याचे उत्तर देता येत नाही. "ती हाताची आहे," एवढे सांगून तो मोकळा होतो.

हे उत्तर व्यापाऱ्याला आणि कारागिराला नीट देता यावे, एवढ्यासाठीच हा लेख आहे. पुष्कळ मुस्लिम घरांतील आया-बहिणींच्या हातात क्रोशाची सुई आहे. जुझदान, टोपी, ओढणीची किनार, टेबलावरचा रुमाल, बाळाचे टोपडे अशा वस्तू घरोघरी होतात आणि बहुधा घरातच राहतात किंवा लेकीच्या जहेजात जातात. त्या बाजारात का येत नाहीत, आणि आल्या तर त्यांना भाव का मिळत नाही, याचे उत्तर या कलेच्या इतिहासातच सापडते.

प्रथम एक गैरसमज दूर करू. क्रोशाकाम अरबस्तानातून निघाले आणि अरब व्यापाऱ्यांबरोबर जगभर पसरले, असे अनेक ठिकाणी लिहिलेले आढळते. आपल्याला ते वाचून बरे वाटते, पण त्याला पुरावा नाही. डेन्मार्कच्या लिस पालुदान यांनी या विषयाचा कसून शोध घेतला. युरोपात १८०० पूर्वी आजच्या अर्थाने क्रोशा अस्तित्वात होता असे दाखवणारी खात्रीची वस्तू त्यांना मिळाली नाही. मिसर देशात मध्ययुगीन सुती मोजे सापडले आहेत आणि त्यांपैकी काहींवर कूफी वळणाची अक्षरेही विणलेली आहेत. मुसलमान कारागिरांच्या हाताची ती उत्तम साक्ष आहे, यात शंका नाही. परंतु ते सुयांवरचे विणकाम आहे, क्रोशा नव्हे.

आपला संबंध दुसऱ्या बाजूने येतो आणि तो अधिक भक्कम आहे. ताणून बसवलेल्या कापडाखालून धागा आकडीच्या सुईने वर ओढायचा आणि साखळी घालत जायचे, हे आरीकाम हिंदुस्थान, इराण आणि तुर्कस्तानात जुन्या काळापासून चालत आले आहे. जरीकाम करणारे आपले कारागीर आजही त्याच आरीवर पोट भरतात. कच्छमध्ये तर हे काम मोची कारागिरांनी नावारूपाला आणले, कारण चामड्यात चालणारी आरी त्यांच्या हातात मुळातच होती. कोल्हापूर भागात चपलेच्या कारागिराची आरी कोणी पाहिली नाही? अठराव्या शतकात हे आकडीचे भरतकाम युरोपात गेले. ढोलासारख्या गोल चौकटीवर कापड ताणत म्हणून फ्रेंच लोकांनी त्याला ढोलाचेच नाव दिले, तांबूर. पुढे कोणीतरी कापड काढून टाकले आणि साखळीत साखळी अडकवत नुसत्या धाग्याची जाळी उभी केली. क्रोशाच्या जन्माविषयी जाणकारांत सर्वांत जास्त मान्य असलेले मत हेच आहे. क्रोशे हा शब्दही फ्रेंच असून त्याचा अर्थ लहान आकडी असा होतो. थोडक्यात, आकडी पूर्वेकडून गेली आणि तिकडून मिशनऱ्यांच्या शाळांतून नव्या रूपात परत आली.

१८२३ साली हॉलंडच्या एका मासिकात क्रोशाच्या बटव्यांचे नमुने छापले गेले. १८४० च्या दशकात रिएगो द ला ब्रांशार्दिएर या बाईंनी इंग्लंडमध्ये नमुन्यांच्या पुस्तकांची रांगच लावली. त्याच सुमारास जॉन मर्सर यांनी कॉस्टिक सोड्याने सुती धागा मजबूत करण्याची रीत शोधली. पुढे १८९० च्या सुमारास होरेस लो यांनी त्याच रीतीत धागा ताणून धरला, तेव्हा त्याला रेशमासारखी चमक आली. दुकानात आपण 'मर्सराइज्ड' म्हणून मागतो तो धागा हाच.

परंतु क्रोशा पोटाचा धंदा झाला तो आयर्लंडच्या दुष्काळात. १८४५ पासून तिथे बटाट्यावर रोग पडला. सुमारे दहा लाख माणसे उपासमारीने व रोगराईने मेली आणि जवळपास तितकीच देश सोडून गेली. जमीन नाही, भांडवल नाही, अशा घरांत बायकांच्या हातात आकडी दिली गेली. क्लोन्स नावाच्या गावी धर्मगुरूची पत्नी कॅसांड्रा हँड यांनी १८४७ मध्ये शिक्षिका आणवून काम सुरू केले. व्हेनिसची सुईची लेस फार महाग, तिच्यासारखी दिसणारी जाळी क्रोशाने कितीतरी लवकर होते, हे त्या बायकांनी ओळखले. एका घरात गुलाब, दुसऱ्या घरात पाने, तिसरीकडे जोडकाम, अशी वाटणी झाली. माल लंडन-पॅरिसला गेला आणि पुष्कळ घरांची चूल त्यावर पेटली.

तो धंदा पुढे उतरला, याचे एक कारण यंत्र होते. इथे एक गोष्ट नीट समजून घेणे जरूर आहे, कारण टोपीच्या गाड्यावरच्या प्रश्नाचे उत्तर तिच्यातच आहे.

क्रोशाचा टाका कारखान्याच्या यंत्राला घालता येत नाही. हे ऐकून वाचकांस आश्चर्य वाटेल. वडगावपासून जवळच असलेल्या इचलकरंजीत १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग आणला आणि हातमागाचे दिवस फिरले. मोमीन-जुलाह्यांच्या हातून धोटा सुटला, ही गोष्ट आपल्या लोकांना सांगायला नको. सुयांवरचे विणकामही यंत्राने केव्हाच उचलले. क्रोशा मात्र राहिला. कारण असे की, मागावर किंवा विणकामाच्या यंत्रावर शेकडो फासे किंवा धागे एका ओळीत एकाच वेळी धरलेले असतात आणि तेच काम सर्वत्र पुन्हा पुन्हा होते. क्रोशात कोणत्याही क्षणी सुईवर बहुधा एकच फास जिवंत असतो. सुई प्रत्येक वेळी विणलेल्या जाळीत नवे भोक शोधते, कधी मागच्या ओळीत, कधी बाजूला, कधी दोन ओळी खाली. ते शोधायला डोळा लागतो आणि जाळी ताणून धरायला डावा हात लागतो. जर्मनीत बीलेफेल्डच्या संशोधकांनी असे टाके घालणाऱ्या यंत्राचा नमुना तयार केला आहे, पण तो प्रयोगाचा नमुना आहे. बाजारात माल ओतणारे ते यंत्र नव्हे.

मग वीस-तीस रुपयांची जाळीची टोपी कुठून आली? ती वेगळ्याच विणकाम-यंत्रांवर निघते. यंत्राला क्रोशाचा टाका येत नसला तरी क्रोशाचा देखावा आणता येतो. आयर्लंडच्या बाबतीतही हेच झाले. स्वित्झर्लंड व जर्मनीतल्या भरतकामाच्या यंत्रांनी विरघळून जाणाऱ्या कापडावर भरून आयरिश लेसची नक्कल काढली, आणि गिऱ्हाइकाने देखाव्याला पैसे दिले. त्यामुळे "यंत्राला जमत नाही" म्हणून निश्चिंत राहणाऱ्याने हे लक्षात घ्यावे की, गिऱ्हाईक टाका पाहत नाही. त्याला तो दाखवावा लागतो.

दाखवायचा कसा? हाताची टोपी उलटी करावी. मध्यभागी धाग्याचे एक लहान कडे दिसते. तिथून फेऱ्या गोल गोल बाहेर येतात आणि कुठेही शिवण नसते. यंत्राच्या टोपीत बहुधा पट्टीला शिवण घालून माथा जोडलेला किंवा चुणून घेतलेला असतो. हाताच्या टोपीचा खांब बोटाला जाणवतो, कारण एकेका खांबात धागा दोन-तीन वेळा गुंडाळलेला असतो. त्यामुळेच ती जड असते. आणि ती वर्षानुवर्षे धुतली तरी आकार धरून राहते.

आता थोडे प्रत्यक्ष कामाकडे वळू. ज्या भगिनींना सुई येते त्यांनाही हा हिशेब अनेकदा माहीत नसतो आणि अंदाजाने टोपी लहान-मोठी होते. टोपीचा माथा म्हणजे सपाट चकती. पाच-सहा साखळ्यांचे कडे करून त्यात बारा खांब घालावेत. दुसऱ्या फेरीत प्रत्येक खांबावर दोन, म्हणजे चोवीस. तिसऱ्या फेरीत छत्तीस, चौथीत अठ्ठेचाळीस. दर फेरीला बाराच वाढवायचे. वाढ कमी पडली तर चकती वाटीसारखी वळते. जास्त झाली तर कडेला झालर पडते. (ही झालर म्हणजे चूक, असे आपण समजतो. १९९७ मध्ये अमेरिकेच्या कॉर्नेल विद्यापीठात डायना तैमिना या लाटव्हियाच्या गणितज्ञ बाईंनी मुद्दाम अशी जास्त वाढ घेत क्रोशाने एक झालरदार आकृती विणली. भूमितीतील जो वक्र पृष्ठभाग विद्यार्थ्यांना कागदावर समजत नव्हता, तो त्यांच्या हातात दिला. आपल्या आजीने बिघडलेला म्हणून उसवलेला रुमाल विद्यापीठात शिकवायला गेला म्हणायचे.)

चकती किती मोठी करायची, याचा हिशेब शाळेतलाच आहे. डोक्याचा घेर २२ इंच असेल तर व्यास ७ इंच. धागा वापरात सैल पडतो म्हणून पाव ते अर्धा इंच कमी धरावा. तेवढी चकती झाली की वाढ बंद करून खांबावर खांब सरळ चढवावा, म्हणजे भिंत उभी राहते. शेवटची फेरी मुक्या खांबांची घ्यावी, काठ घट्ट बसतो. धाग्याचा नंबर जितका मोठा तितका धागा बारीक. वीस नंबरचा धागा टोपीला सोयीचा पडतो, चाळीसने नक्षी नाजूक येते पण वेळ बराच वाढतो. एका मागणीचा सर्व माल एकाच नंबरच्या धाग्यावर आणि एकाच मापाच्या सुईवर करावा. डझनभर टोप्यांत दोन तंग आणि तीन ढिल्या निघाल्या तर घाऊक व्यापारी सगळा डझनच परत करतो, आणि त्यात त्याची चूक नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. सुईवर एकच फास जिवंत असतो, या एका गुणामुळे यंत्र दूर राहिले. त्याच गुणामुळे ही कला घरात रुजली. सुयांवरचे विणकाम मध्येच सोडले तर सुईवरून पन्नास फासे निसटण्याची भीती. क्रोशाचे तसे नाही. बाळ रडले, दूध उतू चालले, अजान झाली की तो एक फास थोडा मोठा ओढून ठेवला म्हणजे काम जिथल्या तिथे थांबते. माग नको, वीज नको, जागा नको. एक सुई आणि एक गुंडी. तुर्कस्तानातल्या बायका डोक्यावरच्या रुमालाला आकडीने 'ओया' नावाची बारीक किनार विणतात. बांगलादेशात बोगरा भागातल्या खेड्यांत बायका घरी बसून जाळीच्या टोप्या विणतात आणि त्या टोप्या आखाती देशांत जातात. गोव्यातल्या ख्रिस्ती घरांत क्रोशा पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. सगळीकडे कारण एकच. ही कला बाईच्या मोडक्या-तुटक्या वेळात बसते.

आणि तिची मजुरी बुडते तीही याच कारणाने. तुकड्या-तुकड्यांनी केलेले काम हे काम म्हणून कोणी मोजतच नाही.

आंध्र प्रदेशातल्या नरसापूरची हकीगत या बाबतीत प्रत्येक व्यापाऱ्याने समजून घ्यावी अशी आहे. गोदावरीच्या मुखाजवळच्या त्या भागात १८४४ च्या सुमारास स्कॉटलंडच्या मिशनरी दांपत्याने ही कला शिकवली, असे तिथे सांगतात. पुढे नरसापूरची क्रोशा लेस युरोप-अमेरिकेत जाऊ लागली. १९७० च्या दशकाच्या अखेरीस जर्मन समाजशास्त्रज्ञ मारिया मीस तिथे गेल्या आणि १९८२ मध्ये त्यांचे त्यावरचे पुस्तक प्रसिद्ध झाले. त्यांना आढळले ते असे. घरकाम सांभाळून बायका दिवसाला सहा ते आठ तास विणत होत्या आणि मिळकत अगदी नाममात्र होती. कोणी फक्त फुले करी, कोणी फक्त जोडकाम. त्यामुळे संपूर्ण वस्तू काय होते आणि कितीला विकली जाते हे कोणालाच ठाऊक नव्हते. माल नेणारे दलाल आणि निर्यात करणारे व्यापारी पुरुष होते व ते चांगले श्रीमंत झाले. बाईने बाहेर मजुरीला न जाता घरात बसणे ही काही घरांत प्रतिष्ठेची खूण होती. त्या प्रतिष्ठेपायी विणणारी बाई स्वतःला कामगार म्हणत नव्हती आणि व्यापारीही तिला कामगार समजत नव्हता. "रिकाम्या वेळात करते" या एका वाक्यात सगळा हिशेब संपत होता. २०२४ मध्ये नरसापूरच्या क्रोशा लेसला भौगोलिक मानांकन मिळाले, ही आनंदाची गोष्ट आहे. मानांकनाने नाव सुरक्षित होते. मजुरी किती द्यायची हे त्यात लिहिलेले नसते.

पडदा आणि प्रतिष्ठा हे शब्द आपल्या घरांत परके नाहीत, म्हणून ही हकीगत एवढी विस्ताराने दिली. घरात बसून हाताने कमावणे ही आपल्याकडे कमीपणाची बाब कधीच नव्हती. उम्मुल मोमिनीन हजरत जैनब बिन्ते जहश (रजि.) चामडे कमावीत, शिवणकाम करीत आणि त्या कमाईतून खैरात करीत. त्यांच्या हाताच्या कामाला किंमत होती, म्हणूनच त्यातून खैरात होऊ शकली.

आता आपला हिशेब मांडू. आकडे समजुतीसाठी धरले आहेत, प्रत्येकाने आपले घालावेत. समजा एका टोपीला चाळीस रुपयांचा धागा आणि सहा तास लागतात. व्यापारी धागा देतो आणि टोपीमागे साठ रुपये मजुरी देतो. म्हणजे तासाला दहा रुपये. उसाच्या रानात भांगलणीला जाणाऱ्या बाईला याहून कितीतरी जास्त मिळते. मग हुशार मुलगी सुई सोडून देते आणि आपण म्हणतो की, आजकालच्या मुलींना कला नको. तासाला पन्नास रुपये धरले तर मजुरी तीनशे, धागा चाळीस, वर धुणे, खळ, पिशवी आणि दुकानदाराचा नफा. साडेचारशेच्या आत ही टोपी विकता येणार नाही.

इतकी महाग टोपी कोण घेणार, असे व्यापारी बंधू म्हणतील. रोजच्या नमाजसाठी मशिदीच्या दाराशी वीस-तीस रुपयांची टोपी घेणारा माणूस हे गिऱ्हाईक नव्हेच. त्याच्याशी स्पर्धा करायला जाणे हीच मोठी चूक आहे, आणि ती केली की कपात शेवटी विणणारीच्या मजुरीतच होते. हजला निघालेल्याला द्यायची टोपी, नवरदेवाची टोपी, नातवाच्या बिस्मिल्लाहला आजोबांनी द्यायची टोपी, हाफिज झालेल्या मुलाची टोपी, असे या मालाचे गिऱ्हाईक आहे. जुझदान आणि ओढणीची किनार यांचेही तसेच. ही माणसे वर्षात एकदाच घेतात, पण किंमत पाहून नव्हे, वस्तू पाहून घेतात. त्यांच्यासमोर टोपी उलटी करून मधले कडे दाखवावे आणि ती किती तासांत झाली हे सांगावे. पिशवीत एक चिठ्ठी घालून त्यावर तास लिहिले तर आणखी उत्तम.

विणणाऱ्या भगिनींनी एक साधी वही ठेवावी. सुई हातात घेतली ती वेळ आणि ठेवली ती वेळ, एवढेच लिहायचे. आठ दिवसांत कळते की 'रिकामा वेळ' म्हणून जो समजला तो रोजचा चार तासांचा होता. भाव ठरवताना ही वही समोर असली की बोलणे सोपे जाते. आणि पैसे माल दिल्याच दिवशी घ्यावेत. घाम सुकण्याआधी मजुरी चुकती करण्याचा हुकूम आपण बयानात ऐकतो. विणकामात घाम येत नाही म्हणून तो हुकूम टळतो, अशी सवलत कोठे दिलेली नाही.

सरकारी योजनांविषयी थोडे. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत अठरा व्यवसाय आहेत. त्यांत शिंपी आहे, माशांची जाळी विणणारा आहे, पण क्रोशाकाम स्वतंत्रपणे नाही. केवळ क्रोशा करणाऱ्यांनी त्यासाठी चकरा मारण्यापूर्वी हे ध्यानात घ्यावे. केंद्रीय वस्त्रोद्योग मंत्रालयाच्या हस्तकला विकास आयुक्त कार्यालयातर्फे हस्तकला कारागिरांना 'पहचान' ओळखपत्र दिले जाते. मेळे-प्रदर्शनांत गाळा मागताना ते उपयोगी पडते, तेव्हा त्याची चौकशी अवश्य करावी. बचत गट असेल तर धागा घाऊक दराने घेता येतो आणि एका मापाचा माल देता येतो.

वेळेचा हिशेबही आधीच करावा लागतो. घरकाम सांभाळून एक बाई दोन दिवसांत एक टोपी करते असे धरले, तर दहा बायकांकडून साठ दिवसांत तीनशे टोप्या होतात. त्याहून जास्त होत नाहीत, कारण घाई केली की खांब ढिले पडतात. व्यापारी मात्र शाबान संपत आल्यावर विचारायला येतात. ज्यांना येत्या रमजानसाठी हाताचा माल हवा आहे, त्यांनी रजबचा चाँद दिसताच धागा वाटावा, आणि धाग्याबरोबर निम्मी मजुरी बयाणा म्हणून द्यावी.